भोंग्यावर चालणारा चार्जर

लहानपणापासून मला लोक उचलत आले. अगदी लहान असताना ताप आला, उजवा पाय गेला आणि डावा अर्धामुर्धा राहिला. तेव्हापासून कोणी ना कोणी मला काखेत, पाठीवर, खांद्यावर नाहीतर सायकलच्या दांडीवर घेऊन अकोल्यात फिरवत होतं. आधी माय, मग बाबा, आणि बाबांची कंबर धरायला लागल्यावर मोठा भाऊ, म्हणजे दादा. अमरावतीला कॉलेजात होते तेव्हा वसतिगृहातल्या मैत्रिणी आळीपाळीने. उचलणारा माणूस मायेनंच उचलतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उचललेल्या माणसानं कुठं आणि कधी जायचं हे उचलणाऱ्याच्या सवडीनं ठरतं, आणि मला दुसऱ्याच्या सवडीचा पहिल्यापासून भयंकर राग.

घरात, वर्गात, प्रयोगशाळेत मी कुबड्यांवर चालत असे. आजही चालते. रस्ता मात्र कुबड्यांवर संपत नाही. बी.एस्सी. होऊन अकोल्याला परत आले तेव्हा मोर्णा नदीच्या पलीकडच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला बाई हव्या होत्या आणि आमचं घर नदीच्या अलीकडे. मधे पूल, आणि पुलाला दोन्हीकडून चढ.

मुख्याध्यापिका पुण्याहून आलेल्या. आमचं बोलणं त्यांना भांडण वाटायचं आणि त्यांचं बोलणं आम्हाला निबंध. त्यांनी माझे गुण पाहिले, कुबड्या पाहिल्या आणि विचारलं, "तुम्ही रोज येणार कशा?"

"सायकलनं. तीन चाकांची आहे, हातानं चालते."

त्यांनी खिडकीतून पुलाकडे पाहिलं. "तो चढ हातांनी चढून आल्यावर पहिल्या तासाला फळ्यावर लिहायला हात उरतील का?"

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच मला चीड आली. मी म्हटलं, उरतील. त्यांनी मला एका वर्षासाठी घेतलं, तात्पुरतं. पुढं कायम करायचं की नाही ते वर्ष संपताना पाहू, म्हणाल्या. "अट एकच. वेळेवर यायचं, आणि आपलं आपण यायचं. माझ्याकडे दोनच शिपाई आहेत. ते तुम्हाला उचलण्यासाठी नाहीत."

दुसरं कोणी असतं तर त्या बोलण्यानं दुखावलं असतं. मला मात्र त्यांना मिठी मारावीशी वाटली. मला उचलायला तयार नसलेलं माणूस मी पहिल्यांदाच भेटत होते.

दादा मोटारींच्या गॅरेजमध्ये मिस्त्री होता. मी नोकरीची अट सांगितली आणि त्याच आठवड्यात तो एका मोडीत निघालेल्या मोटारीचा डायनामो घेऊन घरी आला. डायनामो फिरवला की वीज देतो, आणि त्याला वीज दिली की तो स्वतः फिरतो. दादानं तो माझ्या तीनचाकीला मागं बसवला, साखळीनं चाकाला जोडला आणि बसायच्या फळीखाली लाकडी खोक्यात मोटारीची बॅटरी ठेवली. हाताशी एक बटण. दाबलं की गाडी घूं घूं करत घाईतल्या माणसाच्या चालीनं निघायची. गल्लीतल्या पोरांनी तिला बिनबैलाचा छकडा असं नाव ठेवलं. मला ते नाव आवडलं.

आता राहिलं चार्जिंग. स्टेशनाकडे एक बॅटरीचं दुकान होतं. पातूर, तेल्हारा अशा ठिकाणांहून बाजाराला येणारे लोक आपापल्या रेडिओच्या बॅटऱ्या तिथं ठेवून जायचे आणि पुढच्या बाजाराला भरलेल्या घेऊन जायचे. आतल्या खोलीत एक मोठं यंत्र दिवसभर खडखडत असे. दादानं शेठला सांगितलं की आम्हाला रोज भरून लागेल. शेठ हसला. "रोज? बॅटरी का म्हैस हाये बापा, रोज पाजाले?"

दादा घरी येऊन म्हणाला, "दोन-तीन दिवस ठेवतो म्हन्ते थो. अन् मशीन तं खोलीएवढी हाये. तशी मशीन घरी कोन ठेवते?"

"मी ठेवते," मी म्हटलं.

म्हटलं खरं, आणि मग रात्रभर नाही तरी बराच वेळ छताकडे पाहत पडले. घरची वीज जोरकस आणि क्षणाक्षणाला दिशा बदलणारी. बॅटरीला हवी कमी जोराची आणि एकाच दिशेनं वाहणारी. जोर कमी करायला ट्रान्सफॉर्मर, आणि दिशा सरळ करायला सेलेनियमच्या पत्र्या, ज्या विजेला जाऊ देतात पण परत येऊ देत नाहीत. पुस्तकात हे अर्ध्या पानात संपतं. अकोल्याच्या उन्हाळ्यात त्याला माझी अख्खी सुट्टी लागली.

गाभ्याचं लोखंड भंगारबाजारात मिळालं, एका फिरत्या सिनेमावाल्याच्या जळक्या यंत्रातलं. सेलेनियमच्या पत्र्या अमरावतीच्या एका मैत्रिणीनं तिथल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून मिळवल्या आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून एसटीनं येणाऱ्या तिच्या मामाबरोबर पाठवल्या. तांब्याची तार मात्र नवी घेतली. ती गुंडाळायला दादानं माळ्यावरचा मोडका चरखा काढून त्याच्या चातीच्या जागी लाकडी ठोकळा बसवला. मी चरखा फिरवायची आणि तार बोटांतून सोडायची. माय समोर बसून वेढे मोजायची. दर शंभर वेढ्यांना ती वाटीत एक सरकी टाकायची. कपाशीच्या मुलखात मोजायला सरकीला काय तोटा.

एकदा शेजारीण बोलायला आली. तिच्या सुनेचं काहीतरी होतं. ऐकता ऐकता मायनं वाटीत सरकी टाकली का नाही टाकली, तिचं तिलाच आठवेना. मी असा आरडाओरडा केला की शेजारीण सुनेला विसरली. मग सगळी तार उलगडून पहिल्यापासून बसलो. त्यानंतर आमच्या ओसरीवर बायका यायच्या त्या वाटीकडे पाहूनच यायच्या.

तारेच्या थरांमधे घालायला बाबांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या, सुताराकडच्या चपड्यात, म्हणजे लाखेच्या रोगणात, भिजवल्या आणि सगळा गोळा टिनाच्या छपरावर वाळत ठेवला. वैशाखातलं टिन ते. दुपारपर्यंत चपडा असा कडक झाला की टिचकी मारली तर टण् वाजे. त्या उन्हाला मी जन्मभर शिव्या देत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा आमचं जमलं.

आमच्या पुढच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली विजेचा मीटर. त्या मीटरखाली मी फळीवर माझा चार्जर मांडला. एका जीपचा विजेचा काटा दादानं आणून दिला होता, म्हणजे बॅटरीत वीज जाते की नाही ते कळावं. बटण दाबलं. ट्रान्सफॉर्मर गुणगुणला. काटा जागचा हलला आणि पुढं जाऊन थांबला.

"हालला वो काटा," माय म्हणाली.

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दादानं काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उगाचच बाहेर जाऊन सायकलची हवा तपासली. माझा आनंद मावत नव्हता. संध्याकाळी बॅटरी जोडायची, सकाळी भरलेली गाडी घेऊन निघायचं. आमच्या माहितीत अख्ख्या अकोल्यात कोणाच्या घरी हे नव्हतं.

जूनपासून दिवाळीपर्यंत मी रोज पूल ओलांडला. पावसात डोक्यावर घोंगडी आणि बॅटरीवर रबरी चादर. एकदाही उशीर झाला नाही. पुलाचा चढ चढून आल्यावर मी फळ्यावर लिहिते ते अक्षर मुख्याध्यापिका दारातून पाहून जायच्या.

दिवाळीनंतर कपाशी आली आणि जिन सुरू झाल्या. जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच एक होती. तिच्या मालकानं त्या साली इंजिन काढून विजेच्या मोटारी बसवल्या. त्या सगळ्या एकदम सुरू झाल्या की मोहल्ल्यातले दिवे पिवळे पडायचे, हळदीत बुडवून काढल्यासारखे. माझा काटा जेमतेम उठायचा आणि बसायचा. संध्याकाळचे ते तास वाया जायचे आणि उरलेल्या रात्रीत भरून निघायचे नाहीत. सकाळी बॅटरी अर्धपोटी. एक दिवस पुलाच्या अर्ध्या चढावर गाडीनं मान टाकली. मागून कापसानं भरलेली बैलबंडी येत होती. बंडीवाल्यानं काही न विचारता गाडीला दोर बांधला आणि मला वर ओढून दिलं. शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपली होती.

मी त्या रविवारी ट्रान्सफॉर्मरवर वरून आणखी तार गुंडाळली आणि तिची मधली टोकं बाहेर काढून लाकडी पाटीवर पितळी स्क्रूंना जोडली. स्क्रूंवरून फिरणारी एक पितळी पट्टी. तिला आम्ही खुंटी म्हणायचो. जिन चालू असली, दिवे पिवळे असले, की खुंटी वरच्या स्क्रूवर, म्हणजे जादा जोर. जिन बंद झाली की विजेला एकदम चेव यायचा, तेव्हा खुंटी खाली. नाही आणली तर बॅटरीत वीज धोधो जाऊन ती उकळेल. जिन रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला बंद व्हायची आणि बंद होताना भोंगा द्यायची. भोंगा वाजला की खुंटी खाली, एवढं साधं.

त्या काळात आमच्या मोहल्ल्यात घड्याळं फार थोड्या घरांत होती आणि जिथं होती तिथंही ती भोंग्यालाच लावलेली असत. भोंग्यावर डाळ चुलीवरून उतरायची, भोंग्यावर पोरं अंथरुणावर जायची. त्यात आता माझी खुंटी आली. मी संध्याकाळी वह्या घेऊन बसायची, म्हणून ते काम मायनं घेतलं. घेतलं म्हणजे कोणाला हात लावू देईना. भोंगा वाजला की पदराला हात पुसून उठायची, खुंटी खाली ओढायची आणि काट्याकडे पाहून मान डोलवायची. शेजारणींना सांगायची, "पोट्टीची गाडी माह्या हातावर चालून राह्यली."

नव्या वर्षात एका संध्याकाळी जिनच्या प्रेसवर काम करणारा एक म्हातारा हमाल वारला. कापूस दाबून गठाणी बांधणाऱ्यांत तो सगळ्यांत जुना. आमच्याकडे रीत अशी होती की जिनमधलं माणूस गेलं की जिन थांबायची आणि त्या दिवशी भोंगा वाजवायचा नाही. जिनकऱ्यांनीच ती पाडली होती आणि मालकही पाळायचे. आम्हाला ती रीत चांगली माहीत होती. माझे बाबा स्वतः त्या म्हाताऱ्याच्या दारात जाऊन बसून आले. आल्यावर हातपाय धुऊन पोथी वाचायला बसले आणि म्हणाले, "आज उजेड बरा पडून राह्यला."

खरंच बरा होता. दिवा पांढराशुभ्र. मी सातवीच्या वह्या तपासायला घेतल्या आणि कधी नाही त्या एका बैठकीत संपवल्या. इतका उजेड का पडला हे आम्हा चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यात एक विज्ञानाची पदवीधर होती आणि एक मिस्त्री. माय खुंटीजवळ पाटावर बसून भोंग्याची वाट पाहत राहिली. वाजला नाही, म्हणजे जिन अजून चालू आहे, असं तिनं धरलं. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

सकाळी मला आंबट, घसा धरणाऱ्या वासानं जाग आली. बॅटरी हात लावू नये इतकी तापली होती. झाकणांतून तेजाब उकळून खोक्यावर, खोक्यातून फरशीवर आलं होतं आणि फरशी फसफसून पांढरी पडली होती. दादानं आत पाहिलं. पत्रे वाकून एकमेकांना चिकटले होते. त्यानं मान हलवली.

माय भिंतीला टेकून उभी होती. "भोंगा वाजलाच नाई वो," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "मी आयकतच होती."

मला भयंकर संताप आला होता, आणि तो काढावा असं समोर कोणीच नव्हतं. मायवर काढणार? गेलेल्या म्हाताऱ्यावर काढणार? मी कुबड्या घेतल्या आणि न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

दादानं मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं. मी विशी ओलांडलेली बाई, नऊवारी सावरत दांडीवर. फाटकाशी त्यानं मला उचलून उतरवलं आणि नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिका व्हरांड्यात उभ्या होत्या. मधल्या सुट्टीत त्यांनी बोलावलं. मी बॅटरीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"सोमवारी अमरावतीहून तपासणीसाहेब येतायत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कायम करायचं की नाही ते तेव्हाच ठरेल. शाळेच्या मंडळातले दोघेजण आधीपासून म्हणतायत की ज्यांना उचलून आणावं लागतं अशा बाई नकोत. मी त्यांना सांगत आले की त्या आपल्या आपण येतात. सोमवारी तुम्ही फाटकातून आपल्या आपण आलात तर मी कायमच्या कागदावर सही करीन. दांडीवर बसून आलात तर मला काही बोलता येणार नाही. ही जागा उन्हाळ्यात दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल."

मी म्हटलं, येईन. त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही. मलाही पटलेलं नव्हतं.

दादा गॅरेजच्या मालकापाशी गेला. मालकानं ट्रकची एक चांगली बॅटरी काढून दिली आणि सांगितलं, "हे बी उकळली तं माह्या दाराशी येजो नोको." म्हणजे एकच संधी होती. त्या रात्री जेवताना माय म्हणाली, "मी बसतो न जागी. पहाटेलोक बसतो. डोया लागू देत नाई." दादा म्हणाला, मी मायला सोबत करतो. दोघं खरंच बसली असती, आणि तेच मला सहन होईना. मला तोवर वाटत होतं की मी लोकांच्या खांद्यावरून उतरले. प्रत्यक्षात मी खांद्यावरून उतरून मायच्या कानावर जाऊन बसले होते. तिचा कान चुकला की माझी नोकरी जाणार. हा कसला आपलं आपण जाण्याचा चार्जर?

खुंटी नको, हे ठरलं. पण खुंटीचं काम कोण करणार? विजेचा जोर वाढला की ओळखून दार ओढून घेणारं आणि घटला की उघडणारं असं काहीतरी हवं होतं. मी दिव्याकडे पाहत बसले होते, पिवळ्या, जिन चालू असतानाच्या, आणि अचानक मला अमरावतीची प्रयोगशाळा आठवली. जिना चढता येत नाही म्हणून मला तळमजल्यावर भिंतीकडेचं टेबल दिलेलं होतं. त्या भिंतीवर एक पाटी होती आणि पाटीवर ओळीनं दिवे. कॉलेजच्या बॅटऱ्या त्या दिव्यांतून भरत. बाकीची मुलं वरच्या मजल्यावर काय काय प्रयोग करायची, आणि मी दोन वर्षं त्या दिव्यांकडे पाहत बसलेली. तेव्हा ती मला शिक्षा वाटायची.

दिव्याची तार तापली की वीज अडवते. जितकी जास्त वीज येईल तितकी जास्त तापते आणि तितकी जास्त अडवते. थंड असली की सोडते. म्हणजे दिवा नुसता उजेड देत नाही, तो दारात उभा राहून माणसं पाहून आत सोडतो. हे मी परीक्षेत लिहून गुण घेतले होते.

मी ताटावरूनच ओरडले, "दादा, मोटारीचे समोरचे दिवे पाह्यजेत. कमी जोराचे. घरचे चालत नाहीत."

"गेलेले चालतीन का?" तो म्हणाला. मोटारीच्या समोरच्या दिव्यात दोन तारा असतात, एक लांबच्या उजेडाची आणि एक जवळच्या. एक जळली की ड्रायव्हर अख्खा दिवा फेकतो. दुसरी तार धडधाकट असते. गॅरेजच्या कोपऱ्यात असे दिवे खोकंभर पडले होते आणि त्यांचं काय करावं हे कोणाला माहीत नव्हतं.

शनिवारभर मी वेगवेगळे दिवे लावून पाहिले. एक लावला तर बॅटरी भरायला आठवडा घेईल. चार लावले तर कोणी अडवतच नाही. शेवटी दोन शेजारी शेजारी बसवले, खुंटीची पितळी पट्टी काढून टाकली आणि वरच्या स्क्रूवर तार कायमची पिळून टाकली. माय दारात उभी राहून पाहत होती.

"मंग मी काय करू?" तिनं विचारलं.

तिचा चेहरा पाहून मला भरून आलं. मी म्हटलं, "तू दिव्यांकडे पाह्य. लख्ख हायेत तवरिक बॅटरी उपाशी. लाल होत गेले म्हणजे तिचं पोट भरून राह्यलं."

रविवारी संध्याकाळी बटण दाबलं. सुगीत जिनला रविवार नसे, ती मागं धडधडत होती. उपाशी बॅटरी लागताच दोन्ही दिवे असे पेटले की बुद्धाच्या तसबिरीच्या काचेत त्यांचं प्रतिबिंब पडलं आणि खोलीत कधी नाही तो उजेड झाला. आम्ही त्यांच्याच उजेडात जेवलो. सगळ्यांचे कान मागच्या भिंतीकडे.

भोंगा वाजला. जिन थांबली. सवयीनं माय अर्धी उठली आणि पुन्हा बसली. छतावरचा घरचा दिवा एकदम पांढरा झाला. चार्जरचे दोन दिवे किंचित फुलले, एक क्षण तसे राहिले आणि स्थिरावले. काटा दोन केस पुढं गेला आणि तिथंच थांबला. बॅटरीच्या झाकणाला मी कान लावला. आत नेहमीची बारीक कुजबुज होती, उकळी नव्हती.

दादा मोठ्यानं हसला. तो हसला की गल्लीभर ऐकू जातं. बाबांनी पोथी मिटली आणि काट्याकडे, दिव्यांकडे, माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं. हळूहळू दिवे पिवळे झाले, मग नारिंगी. माय त्यांच्यासमोर पाटावर बसली होती, पण कान कुठं लावून नव्हती.

"पोट भरत आलं वो तिचं," ती म्हणाली आणि उठून अंथरूण घातलं. अख्ख्या हंगामात पहिल्यांदा ती आमच्या आधी झोपली.

सोमवारी सकाळी दिव्यांत नुसती लाल रेघ उरली होती. मी गाडी काढली. पुलावर कापसाच्या बंड्यांची रांग लागलेली, बैल फेस गाळत चढत होते. गाडी घूं घूं करत त्यांच्या कडेनं निघाली. तोच बंडीवाला होता की दुसरा कोण जाणे, एकानं ओरडून विचारलं, "बाई, दोर पाह्यजे का?" मी म्हटलं, "तुमालेच लागला तं सांगा."

चढाच्या मध्यावर मुख्याध्यापिकांची सायकलरिक्षा होती. रिक्षावाला खाली उतरून ओढत होता. मुख्याध्यापिका पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. मी त्यांच्या बरोबरीला आले. त्यांनी मान वळवून पाहिलं. शिष्टाचार म्हणून मी गाडी जरा हळू करायला हवी होती. मी केली नाही.

"पुढं जाते बाई," मी म्हटलं.

"जा," त्या म्हणाल्या, आणि मागून मला त्यांचं हसू ऐकू आलं. तोवर त्या हसतात हे मला माहीत नव्हतं.

फाटकातून मी आत गेले तेव्हा तपासणीसाहेब व्हरांड्यात मंडळाच्या त्या दोघांशी बोलत उभे होते. तिघंही गाडीकडे पाहत राहिले. साहेबांनी माझ्या तासाला बसून मुलींना विचारलं की बाईंची गाडी कशावर चालते. सातवीच्या मुलींनी त्यांना ट्रान्सफॉर्मरपासून बॅटरीपर्यंत सगळं सांगितलं, एकमेकींना थांबवून थांबवून, कारण जून महिन्यापासून त्या मला हेच विचारत आल्या होत्या. साहेबांची पुढची शाळा हुकली. दुपारी मुख्याध्यापिकांनी कायमच्या कागदावर सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागद माझ्या हातात दिला नाही.

शाळा सुटली तर दादा फाटकाशी सायकल घेऊन उभा. बॅटरीनं दगा दिला तर म्हणून आला होता. मी कागद दाखवला. त्याला तो नीट वाचता येईना, डोळे भरले होते. मग म्हणाला, "चाल, बस." वर्षानुवर्षांची सवय ती. म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि दांडीवरचा हात त्यानं काढून घेतला.

आम्ही दोघं निघालो, मी गाडीवर आणि तो सायकलवर. पुलाच्या चढाला तो खाली उतरून सायकल ढकलू लागला. दिवसभर गॅरेजमध्ये राबलेला माणूस, दमला होता. माझी गाडी पुढं जात राहिली. वर पोचल्यावर मी बटण सोडलं आणि मागं वळून पाहिलं. तो अर्ध्या चढावर होता, हात करून म्हणत होता, "थांब वो, मले येऊ दे."

मी पुलावर त्याची वाट पाहत थांबले.